पायाच्या अंगठ्यापर्यंतचं अंतर

अहो, तुमचा धागा तुटला नाही.

बाहेर अंगणात तुम्हाला न्यायची तयारी चालली होती आणि आत तुमच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, माझ्या गळ्यातली काळ्या मण्यांची पोत दोन्ही मुठींत धरून ओढली. तुटेना. मग शेजारच्या चंद्राबाई पुढे झाल्या. दोघीही म्हाताऱ्या, दोघीही कपाळानं मोकळ्या. दोन बाजूंनी ओढायला लागल्या तेव्हा माझी मान हिसके खात होती आणि मी मनात म्हणत होते, बघा, नीट बघून घ्या, ज्याला उचलून नेताय त्यानं ओवलेली पोत आहे ही. मान काचून रक्त निघालं. शेवटी आक्का म्हणाल्या, "त्याच्याच पेटीतली कात्री आना. दुसऱ्या कशानं हे तुटाचं नाई." आणि बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला.

तुमची कात्री. धाग्याची टोकं छाटायची, इवल्याशा पात्यांची. तिनं तुम्ही जन्मात कधी कोणाची पोत कापली नाहीत. जुनी पोत नव्यानं ओवायला आली तरी गाठ सोडवत बसायचात. एखादी घाईतली बाई म्हणायची, "कापा ना भाऊ, काऊन येळ घालता?" तर तुम्ही मान वर न करता सांगायचात, "कापाची गोष्ट या ओट्यावर बोलाची नाई, बाई." एखाद्या नव्या सुनेच्या तोंडून "पोत तुटली" असं निघालं तर तिला टेकूही द्यायचा नाहीत. "तुटली नोको म्हनू. वाढली म्हन." ती लाजून "वाढली" म्हणायची, मग तुमचा हात पुढे व्हायचा. आपल्या बीबी गावच्या बाजाराला येणाऱ्या कितीतरी लेकीसुना हे बोलणं तुमच्याकडून शिकल्या. त्या दिवशी मात्र घरात जो तो 'तोडा, तोडा' म्हणत होता आणि टोकायला तुम्ही नव्हतात.

शेवटी आक्कांनीच कात्री चालवली आणि मणी घरभर झाले. आक्कांनी ते वेचून फडक्यात बांधले आणि तुमच्याबरोबर पाठवले. मानेमागची गाठ मात्र माझ्या मुठीत राहिली होती. बोटभर धागा आणि त्यावर ती गाठ. कोणी मूठ उघडायला सांगितली नाही. ती आता माझ्याजवळ आहे, तुमच्या चष्म्याच्या डबीत.

मी हे का लिहितेय ते मलाही नीट सांगता येत नाही. वडिलांनी माहेरी सोनाळ्याला सातवीपर्यंत शाळेत घातलं, त्याचा तुम्हाला मोठा अभिमान. पेपराचा कागद पुड्यात आला तरी तो सरळ करून माझ्यापुढे ठेवायचात, "वाच." आता वाचून कोणाला दाखवू? दिवसभर तोंड बंद असतं. बोलायला लागले की आक्का रडतात, म्हणून लिहितेय.

डोळ्यांवरून आपलं भांडण सुरू झालं ते महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे. दुपार कलली की तुम्ही डोळे चोळायला लागायचात. राईएवढे काळे मणी, काळा धागा, आणि मण्याचं भोक तर त्याहून काळं. पोत आधी नाकापाशी आणायचात, मग हात लांब न्यायचात, मग उजेडाकडे वळून पुन्हा नाकापाशी. सांजेला कपाळ असं ठणकायचं की बोलायची सोय नसायची. मी सुंठ उगाळून लावायचे. ओट्यावरची तुमची बसायची जागा हळूहळू सावलीतून उन्हात गेली होती. येणाऱ्या बायकांना वाटायचं, भाऊंना थंडी वाजते. मला कळत होतं.

मी म्हटलं, चष्मा घ्या. तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मी म्हातारपणाची काठीच हातात दिली.

"चष्मा एकडाव लागला का डोये त्यालेच सोकावतात. नंबर वाढतच जाते. मंग एक दिवस चष्म्यातूनही दिसत नाई."

"आता कुठं दिसून राह्यलं तुमाले?"

"मले दिसते."

"मंग हे मणी कोनी सांडले?"

तुम्ही उठून गेलात. जेवणाला हाक मारली तरी आला नाहीत. असा तुमचा राग. मीही कमी नव्हते, तुमच्या पुढ्यातच मणी वेचत बसायचे, एकेक उचलून वाटीत टाकायचे, आवाज होईल असा.

मग एकदा दुसरबीडच्या बाजारातून तुम्हीच चष्मा घेऊन आलात. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून एक जण चष्मे विकत बसतो, त्याच्याकडून. तो तुमच्यापुढे छापील कागद धरत होता म्हणे. तुम्ही खिशातून मणी काढलात आणि त्याचं भोक दिसेपर्यंत एकामागून एक चष्मे नाकावर चढवलेत. घरात शिरलात तेच चष्मा लावून. माझ्याजवळ आलात, इतके जवळ की मी मागे सरले, आक्का तिथंच होत्या. तुमचं लक्ष माझ्या गळ्याकडे होतं.

"गिरजे, ही पोत काऊन अशी झाली? धागा सारा पिसला. मले सांगितलं काऊन नाई?"

साऱ्या मुलखाच्या पोती नव्या करणारा माणूस आणि घरातलीच त्याला इतके दिवस दिसली नव्हती. तुमचं तोंड उतरलं. त्याच दिवशी हळदीच्या दोऱ्यात हळकुंड बांधून माझ्या गळ्यात घातलंत, म्हणजे गळा मोकळा राहायला नको, आणि माझी पोत ओवायला बसलात. सुताचा नवा धागा चौपदरी पिळलात, मेण लावलंत, ओढून ओढून पाहिलात. त्या धाग्याचीच गोष्ट सांगतेय मी. जो दोघींना तुटला नाही तो.

मणी भराभर ओवले गेले. तुम्ही अगदी पोरासारखे खूश. अडलं ते गाठीशी.

आता हे तुम्हाला काय सांगायचं, पण लिहिते. पोत ओवायची ती नाकासमोर, हातात. गाठ मात्र तिथं होत नाही. त्यासाठी आपल्या पटव्याच्या कामात पाय लांब करून बसायचं, धाग्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, दोरा ताणून धरायचा आणि अंगठ्याच्या अलीकडे फेरे घालत गाठ बसवायची. तुमच्या चष्म्यातून मणी लखलखीत, अंगठा धुरात. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत, खालून बघितलंत, काढून बघितलंत, पुन्हा लावलात. गाठ घालायची, बोटानं चाचपायची, सोडवायची. दुपारचं जेवण निवलं. शेवटी एकदा ती बसली आणि तुम्ही पोत माझ्या गळ्यात घातलीत. त्या सांजेला तुम्हाला ओकारी झाली. "चष्म्यानं डोये खाल्ले माहे," म्हणालात आणि चष्मा कोनाड्यात फेकून दिलात.

माझ्या पोतीला तुमच्या हातची ती शेवटची गाठ. तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

पुढे मी तुमच्या पाठी लागून लागून तुम्हाला बुलढाण्याला नेलं. येष्टीत तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. डोळ्यांचे डॉक्टर मात्र भले निघाले. हळू बोलायचे. आपलं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, डोळ्यांत आजार काही नाही, वयानं जवळचं दिसेनासं होतं आणि तुम्ही ते ताणून ताणून बघता, म्हणून डोकं दुखतं. बाजारातला चष्मा पोथी वाचणाऱ्याचा आहे. तुमचं काम किती लांबून चालतं ते मला कळलं की तेवढ्याला जमेल अशी काच देतो. "कामाला बसता तसे खाली बसून दाखवा मला."

तुम्ही खाली बसलात. डॉक्टर समोरच स्टुलावर. पाय लांब केला असता तर तुमचा तळपाय नेमका त्यांच्या तोंडासमोर आला असता. मी दारात उभी होते. मला दिसलं, तुमचा पाय पुढे सरकला, थबकला, आणि तुम्ही तो अलगद मांडीखाली ओढून घेतलात.

"असा बसतो, सायब."

मी दारातून म्हटलं, "असे नाई बसत वो हे. पाय लांब करतात."

तुम्ही असे डोळे वटारलेत माझ्यावर की त्या डोळ्यांना औषधाची काही गरज आहे असं कोणाला वाटलं नसतं. डॉक्टरांना म्हणालात, "तिले कामातलं काई समजत नाई, सायब." डॉक्टर हसले. त्यांनी तुमच्या डोळ्यापासून मांडीवरच्या हातापर्यंत टेप धरली आणि नंबर लिहून दिला. त्यांना कसं कळावं? आपल्या माणसाशिवाय ते कळणार कोणाला?

परतीच्या येष्टीत तोंड उघडलंत ते भांडायलाच.

"डागदराच्या तोंडाले तयपाय दाखवू मी? देवासारखा मानूस."

"त्यानंच म्हनलं ना, बसून दाखवा."

"थो म्हनीन. आपन कराचं काय तसं?"

"मंग चष्मा कशाच्या मापाचा बनला? मांडीच्याच ना?"

पुढच्या बाकावरचा माणूस वळून हसला. तुम्ही मेहकर येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. मी मात्र मनात बोलतच होते आणि अजून बोलतेय. अहो, कुठं आदर करावा आणि कुठं पाय पसरावा, एवढं कळायला नको होतं का तुम्हाला? इतक्या लांब जाऊन, इतका चांगला माणूस भेटून, आपण आपल्याच लाजेनं चुकीचं माप घेऊन आलो.

नवा चष्मा आला. काळ्या काड्यांचा, तुम्हाला शोभायचा. मणी ओवताना डोकं दुखायचं थांबलं, सुंठेचा खडा तसाच पडून राहिला. बायका म्हणायला लागल्या, भाऊ आता सावकारासारखे दिसतात. पण अंगठा होता तिथंच राहिला, धुरात. आणि मग लोणारकडची ती बाई आली. गळ्यात हळदीचा दोरा, पदराच्या टोकाला बांधलेले मणी. तुम्हीच ओवलेली पोत, आणि तिची गाठ सुटली होती. ती तक्रारीचं काही बोलली नाही. "वाढली, भाऊ," एवढंच म्हणाली, तुम्हीच शिकवलेलं. तुमच्या हातची गाठ सुटली असं कोणी कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही तिची पोत पुन्हा ओवलीत, उठून आत आलात आणि ती माझ्या हातात दिलीत.

"गिरजे, पाह्य बरं."

बस, एवढंच. मी मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसले, पाय लांब केला, धागा माझ्या अंगठ्याला अडकवला. माझे वडीलही पटव्याचंच काम करायचे. आम्हा पोरींना कोणी शिकवलं नाही, पण समोर बसून पाहायला कोण अडवणार? हातांना सगळं आठवत होतं. माझे डोळे तेव्हा चांगले होते. गाठ बसली. तुम्ही ती घेतलीत, दिसत तर नव्हती, म्हणून खालच्या ओठावरून फिरवलीत. ओठाला टोचली नाही म्हणजे मानेला टोचणार नाही. बाहेर गेलात आणि त्या बाईला म्हणालात, "मेण लावाचं राह्यलं होतं."

तेव्हापासून आपलं तसंच सुरू झालं. तुम्ही ओट्यावर मणी ओवायचात, मग "मेण लावून आनतो" म्हणून आत यायचात. मी गाठ मारायचे. तुम्ही ओठावरून फिरवायचात. ते बघायला मी दर वेळी हातातलं काम सोडून थांबायचे. चांगली झाली असं कधी म्हणाला नाहीत. पण नापसंत पडली असती तर परत दिली असती की, तशी एकही दिली नाहीत. अहो, ते दिवस फार चांगले गेले हो. लग्नसराईत तर दम खायला फुरसत नसायची, तुमची पावलं सारखी आत-बाहेर. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला तुमची वाट बघायची सवय लागली होती, तीही दारापासून मधल्या खोलीपर्यंतची.

एक मात्र मला खुपत होतं आणि ते मी बोलून दाखवलं. "लोकायले सांगा ना, गाठ मी मारतो म्हनून."

"सांगीन."

"कधी?"

"सांगीन म्हनलं ना. घाई काय हाय?"

दुसरं भांडण चष्म्याचं. पुन्हा बुलढाण्याला चला, खरं काय ते सांगा, म्हणजे तुमचं तुम्हाला अंगठ्यापर्यंत दिसेल. तुम्ही म्हणायचात, "एवढ्या मोठ्या मानसाले काय सांगू, मी खोटा बसलो होतो म्हनून?" या वर्षी मात्र कसे कोण जाणे, कबूल झालात. माझेही डोळे दुखायला लागलेत हे तुमच्या लक्षात आलं होतं. "लगनं सरले का जाऊ दोघंही. पाय लांब करतो बाप्पा, डागदराच्या मांडीवर ठेवतो, मंग तं झालं?" असं म्हणून तुम्ही हसलात. खळखळून हसलात. त्या हसण्यावर विसंबून मी गप्प बसले. लग्नं सरली आणि तुम्हाला ताप भरला.

तापात तुमची बोटं गोधडीवरून मणी वेचत होती. दुपारी जरा उतार पडला तेव्हा चष्मा मागितलात. मी लावून दिला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, कपाळाला आठ्या पाडल्यात.

"दिसत नाई वो गिरजे. लय लांब बसली तू."

मी तुमच्या उशापाशीच होते. हात पोहोचेल एवढ्या अंतरावर. मग मला उमगलं. मी वाकले आणि तुम्ही पोत धरायचात तितक्या जवळ माझं तोंड आणलं.

"आता दिसली," म्हणालात.

यापुढचं मी लिहीत नाही.

तुम्ही सुटलात. मी इथं बसलेय. आता बाकीच्या गोष्टी ऐका, कारण मला दुसरं कोणी नाही.

दिवसकार्य उरकल्यावर पलीकडच्या वस्तीवरची गोदाबाई आली. तिला काही माहीत नव्हतं. गळ्यात हळदीचा दोरा, हातात पुरचुंडी, ओट्यावर टेकत टेकतच म्हणाली, "भाऊ कुठं गेले?" मी दारात आले. तिनं आधी माझ्या कपाळाकडे बघितलं, मग गळ्याकडे. तिचा हात पुरचुंडीसकट पदराआड गेला. मुद्दाम नाही केलं तिनं, हात आपोआपच गेला. माझ्यासाठी रडली बिचारी. पाणी प्यायली. आणि पोत घेऊन निघून गेली.

आणखी बायका आल्या. सगळ्यांचा हात तसाच पदराआड जायचा. विधवेच्या हातचे काळे मणी गळ्यात कोण घालील? मीच का घातले असते? नाही घातले असते. त्यांच्या जागी मीही तशीच वागले असते, म्हणून राग तरी कोणावर धरू. पण मग या हातांचं काय करू ते मला सांगा. मला दुसरं काही येत नाही. शेतात मी कधी गेले नाही, चुलीपुढे तर सगळ्याच असतात. मला ही एक गाठ येते. आजही बाजाराच्या दिवशी दाराशी उभी राहिले की पाटी घेऊन जाणाऱ्या बायकांच्या मानेवर मला माझ्या गाठी दिसतात. त्या सगळ्या माझ्यासमोरून जातात आणि तुमच्यासाठी हळहळतात. मला ओरडून सांगावंसं वाटतं. आणि मी दार लावून घेते.

गोदाबाई पुन्हा आली. दुसऱ्या गावाहून पोत ओवून आणली होती तिनं, आणि मान मागून सोलवटली होती. लावायला काही आहे का विचारायला आली होती. मी खोबरेल तेल दिलं. ती तेल लावत म्हणाली, "भाऊची गाठ कशी लोन्यासारखी बसे मानेवर. तशी कोनाच्यानं होत नाई आता."

मी म्हटलं, "थे गाठ माही होती."

ती समजली नाही. मी तिला सगळं सांगितलं. चष्मा, अंगठा, मधली खोली, मेण, सगळं. रागवा हवं तर. तुम्ही 'सांगीन' म्हणत राहिलात आणि न सांगता गेलात, मग मी सांगितलं.

ती बोटाला लागलेलं तेल चोळत बसली. मग तिनं विचारलं, "मंग भाऊ काय करत होते?"

हे मी ध्यानातच घेतलं नव्हतं. मी माझी गाठ मागायला गेले आणि तिच्या मनात तुम्ही रिकामे झालात. मी म्हटलं, "मणी थेच ओवत. एकेक मणी पारखून. ज्याचं भोक धारदार थो फेकून देत, धागा कापू नये म्हनून. माह्या गाठीले थो धागा होता म्हनून गाठ टिकली." हे मी तिला सांगत होते की तुम्हाला, कोण जाणे. ती मान हलवत राहिली. जाताना उंबऱ्यात थांबली. तिचा हात गळ्यातल्या पोतीकडे गेला आणि तसाच परत आला.

"तुमच्यावर माहा इस्वास हाय, बाई. पन सासू हाय मले घरी. धनी हाय."

"हाव," मी म्हटलं. "जा तू."

ती गेल्यावर मी तुमचा चष्मा लावला, पाय लांब केला आणि बोटभर धाग्यावरची ती तुमची गाठ अंगठ्याला बांधली. मला बघायची होती. मांडीवरचा पदर, त्याचा धागा न् धागा दिसत होता. गाठ धुरात. माझेही डोळे आता तुमच्यासारखेच झालेत. चष्मा काढला तरी धूर, लावला तरी धूर. तेव्हा मी रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी रडले नव्हते इतकी रडले. भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं आणि आपटलंही. आक्का धावत आल्या.

मी त्यांना म्हटलं, "मी बुलढान्याले जातो. चष्मा कराले."

"येड लागलं काय तुले? अजून वरीस नाई झालं, येष्टीत बसून जाशीन? आन चष्मा पायजे कायले? कोन देनार हाय तुह्या हातात पोत?"

"कोनी नाई."

"मंग?"

निघायच्या दिवशी पहाटेपासून आक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. मी थांब्यावर पोचले तर त्या पाठोपाठ आल्या, भाकरीचं फडकं घेऊन. म्हणाल्या, "एकटीनं जाऊ नोको," आणि येष्टीत माझ्या शेजारी बसल्या. ज्या हातांनी माझा धागा कापला ते हात वाटभर माझ्या मनगटावर होते.

डॉक्टर तेच. ते मला ओळखत नव्हते आणि मी तुमची ओळख दिली नाही. फक्त काम काय ते सांगितलं. ते म्हणाले, "कामाला बसता तसं बसून दाखवा." तेच शब्द. स्टूलही त्याच जागी होतं.

मी खाली बसले. धागा अंगठ्याला बांधला. आक्का दारात उभ्या होत्या, जिथं मी उभी होते तिथंच. मी पाय लांब केला, सरळ, डॉक्टरांच्या तोंडासमोर.

"गिरजा, पाय," आक्का दबक्या आवाजात म्हणाल्या.

मी पाय घेतला नाही. डॉक्टर स्टुलावरून उतरले, जमिनीवर बसले, टेपचं एक टोक माझ्या डोळ्यापाशी धरलं, एक हातापाशी, मग तीच टेप पार अंगठ्यापर्यंत नेली. धुळीनं भरलेला तळपाय होता माझा. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते अंतर बघत होते. अहो, एवढंच होतं हो. एवढंच. त्यांना काहीच वाटलं नाही.

मग नाकावर एक जड चौकट बसवली आणि तिच्यात एकेक काच घालून ते विचारत राहिले. "आता? आता कसं?" मी मान हलवत होते. धूर, मग पातळ धूर. मग त्यांनी एक काच बदलली.

"आता दिसतं?"

अंगठ्यावर तुमची गाठ होती, उन्हात ठेवल्यासारखी लख्ख. आधीचे फेरे तुम्ही चष्म्यावरून, चष्म्याखालून बघून घातलेले, ते जरा वाकडेच होते. शेवटचा फेरा तुम्ही अजिबात न दिसता, नुसता चाचपून घातला होता. तो सगळ्यात घट्ट होता.

"बाई, दिसतं का?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "दिसते. सारं दिसते, सायब."